शनिवारचा बिनमार्कांचा तास

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ते आपसूक साचत गेले, नालीत प्लॅस्टिकच्या पिशव्या साचतात तसे. मी फक्त खिडकी उघडी ठेवली. आता कोणी चहाला आलं की एक काढते, मग त्याला अडकून दुसरा निघतो, अन् चहा पार थंड होतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर आहे, शाळेला लागून. आमची भिंत अन् शाळेची भिंत, मधात हातभर बोळ. माझी खिडकी अन् नववी 'अ'ची खिडकी समोरासमोर. इतकी की एखाद्या पोट्ट्याचा पेन चालेनासा झाला तर मी इकडून आमचा द्यायची. आमचा धंदा फुलांचा. हे चौकात बसून हार विकतात, मी घरी ओवते. शनिवारी सकाळची शाळा, अन् शनिवारीच मारुतीच्या रुईच्या हारांची घाई. त्यामुळं हात रुईत अन् कान नववीत, अशी माझी कितीतरी वर्षं गेली. मी स्वतः दहावीपर्यंत शिकलेली. लोक म्हणतात, शेजारच्या घरात नाक खुपसू नये. शाळेबद्दल कोणी काही म्हटलं नाही!

शनिवारी तिसरा तास मूल्यशिक्षणाचा असायचा. धर्म म्हणजे काय, खरं-खोटं कसं ओळखायचं, कोणाचा देव कसा, असा सगळा विषय. शिकवायला तायडे बाई. बाई मूळच्या दर्यापूरच्या, एरवी इतिहास शिकवायच्या, अन् राहायच्या आमच्याच माडीवर भाड्यानं. इतिहासाच्या तासाला बाईंचा आवाज कसा रेडिओवरच्या बातम्यांसारखा. शनिवारच्या तासाला मात्र अंगात यायचं त्यांच्या.

पण ह्या तासावर डोळा होता बीजगणिताच्या भटकर सरांचा. त्यांचा तास लगेच पुढचा, चौथा. "मला दोन्ही जोडून द्या, दहावीचा निकाल सुधारून दाखवतो," असं ते हेडसरांना सांगायचे. हेडसरांनाही ते पटायचं. "ज्याला मार्क नाहीत, त्या विषयाला तास कशाला?" दर जूनमध्ये टाइमटेबल लागलं की बाई जिन्यातूनच ओरडायच्या, "वहिनी, यंदाही वाचला बरं का!"

कढईतलं दूध उतू जाता जाता वाचावं, तसा तो तास दरसाल वाचायचा.

*

नववीत नवीन आलेल्या पोरांचा पहिला शनिवार. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'धर्म म्हणजे काय?' अन् हात झटकून उभ्या राहिल्या.

पोरं एकमेकांच्या वहीत पाहू लागली. मी पण सुई थांबवली.

शेवटी शुभम नावाचा उंच पोरगा उठला. "बाई, हा किती मार्काले येते?"

"ह्याले मार्क नाहीत बाळा."

"ऑप्शनले?"

"ऑप्शनलेही नाही. परीक्षेतच येत नाही."

शुभमनं आजूबाजूला पाहिलं, वही मिटली अन् म्हणाला, "मंग बाई, तुमीच सांगून टाका नं! आमी कोणाले सांगत नाही!"

*

एकदा बाई विचारत होत्या, मंदिरात काय काय लागतं, विहारात काय लागतं, दर्ग्यात काय लागतं. पोरं सांगत होती. मेणबत्ती, अगरबत्ती, तेल, नारळ, चादर. फळ्यावर तीन रकाने भरत चालले. मला राहवलं नाही. खिडकीतूनच ओरडले, "बाई, फूल राहिलं! तिन्हीकडं लिहा. सगळीकडं आमच्याच घरून जाते!"

वर्ग हसला. बाई रागावल्या नाहीत. उलट खिडकीजवळ आल्या. "बरं झालं बोलल्या. आता पोरांना सांगा वहिनी, मारुतीच्या हारात अन् दर्ग्याच्या फुलांच्या चादरीत फरक काय?"

"रुई सोडली तर काहीच नाही बाई. झेंडू तोच, दोरा तोच."

"अन् घेणाऱ्यांत?"

"तिथं आहे! मारुतीवाले घासाघीस लय करतात. विहारवाले ताजा आहे का म्हणून दहादा विचारतात. अन् दर्ग्यावाले आता नेतो म्हणतात अन् संध्याकाळी येतात!"

फैजान नावाचा पोरगा पहिल्या बाकावरून म्हणाला, "काकू, माह्या अब्बाचं नाव घ्या नं सरळ!"

नेमके त्याच वेळी हेडसर व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी वर्गात डोकावलं. समोर बाई, मागं फळा, अन् खिडकीत मी, गळ्यात रुईच्या पानांची माळ.

"बाई, ह्या कोण? स्टाफला आहेत काय?"

"नाही सर, शेजारी आहेत."

"शेजारीच शिकवणार असतील तर भटकर सर काय वाईट आहेत?"

*

बाईंची एक रीत होती. शनिवारचा प्रश्न पोरांनी घरी न्यायचा, घरच्या सगळ्यांना विचारायचा, अन् पुढच्या शनिवारी उत्तर घेऊन यायचं. त्यामुळं नववीत एक पोरगं शिकायचं अन् अख्खी गल्ली अभ्यास करायची. एका आठवड्याला प्रश्न होता, 'खोटं बोललेलं कधी चालतं?'

बाप्पा! काय उत्तरं आली! एक म्हणाला, डॉक्टरनं काय सांगितलं ते आम्ही आजोबांपासून लपवलं. एक म्हणाली, मावशीच्या घरची भाजी चांगली झाली असं आई दरवेळी म्हणते. त्या मावशीची पोरगी मागच्याच बाकावर होती, हे तिला ध्यानात राहिलं नाही.

पण खरी गंमत झाली रेश्माच्या घरी. रेश्माचे वडील बाजारात भाजी विकायचे, अन् शाळा सुटल्यावर रेश्मा दुकानावर बसायची. पोरगी अंगानं चिमणीएवढी, पण एकदा प्रश्न डोक्यात शिरला की तो पार तळाशी जाईपर्यंत सोडायची नाही. तिच्या बापानं उत्तर दिलं होतं, "धंद्यात चालते."

रेश्मानं ते आठवडाभर डोक्यात घोळवलं. मग एक गिऱ्हाईक आलं. "काय व पोरी, वांगे ताजे आहेत का?"

"नाही काकू. कालचे आहेत. पाणी मारून राहिलो सकाळपासून."

दुसऱ्या दिवशी रेश्माचा बाप शाळेत! हेडसरांच्या ऑफिसात आधी, मग थेट वर्गाच्या दारात. "बाई, तुमाले हात जोडतो. देवाधर्माचं काय शिकवायचं ते शिकवा. पण माह्या दुकानावर नका आणू!"

हेडसर मागं उभे राहून मान हलवत होते. पालकांची लेखी तक्रार मिळाली तर तास बंद करायला त्यांना निमित्तच पाहिजे होतं. पण तक्रार लिहायला भाजीवाले भाऊ पुन्हा आलेच नाहीत. का, ते मला बाजारात कळलं. त्यांच्या दुकानासमोर बायांची गर्दी, अन् भाऊ नुसते तराजू धरून उभे. एक बाई त्यांना सांगत होती, "तुमी थांबा हो भाऊ. पोरगी येऊ द्या. तिले विचारून घेतो!"

*

मध्यंतरी बाईंनी ध्यान सुरू केलं. डोळे मिटायचे, श्वासाकडं लक्ष द्यायचं, अन् मनात काय येतं ते नुसतं पाहायचं. वर्ग इतका शांत की मला माझ्याच घरातलं घड्याळ ऐकू आलं. मी पण हळूच स्वयंपाकाला लागले. लसणाची फोडणी टाकली, वर हिरव्या मिरच्या.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "आता डोळे उघडा. काय दिसलं मनात?"

कोणाला आजी दिसली, कोणाला क्रिकेट. फैजान म्हणाला, "बाई, मले काकूच्या घरचा ठेचा दिसला."

वर्ग खदखदला. बाईंनी कठोर चेहरा केला. "हसू नका. मन कुठं जाते ते प्रामाणिकपणे सांगणं सोपं नाही." मग खिडकीकडं वळून म्हणाल्या, "वहिनी, भाकरी पण टाकून राहिल्या का?"

*

आता मध्येच एक अलीकडचं सांगते, नाहीतर विसरेन.

बाई रिटायर होऊन अमरावतीला मुलाकडं गेल्या. नववीचा वर्ग नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेला. माझ्या समोरच्या खोलीत आता जुनी बाकं रचून ठेवली आहेत. शनिवारी मी अजूनही रुई घेऊन तिथंच बसते. सवयीनं कान तिकडं जातो अन् कबुतरांचं घुमणं ऐकून परत येतो.

तर मागच्या दिवाळीनंतर एका लग्नासाठी दर्यापूरकडं निघाले. एसटीचा पत्ता नव्हता म्हणून शेअरच्या जीपकडं गेले. जीप खच्चून भरलेली, दोन माणसं मागं लोंबकळत. ड्रायव्हर कोण, तर शुभम! मिशा आल्या होत्या, पण उंची तीच, स्टिअरिंगवर वाकून बसलेला.

"काकू! या, या!"

"शुभम, जागा आहे का रे?"

शेजारचे जीपवाले सगळे भरल्या गाडीलाही रिकामी म्हणून ओरडत होते, 'खाली गाडी, खाली गाडी!' शुभमनं एकदा मागं वळून पाहिलं अन् म्हणाला, "काकू, जागा नाही आहे. पण बसवतो."

मी बसले. बाजूची म्हातारी माझ्या कानात म्हणाली, "हा एकच खरं बोलते वं स्टँडवर. म्हणून आमी सगळे ह्याच्यातच कोंबून घेतो!"

*

तर, त्या तासाचं काय झालं ते सांगायचं आहे. त्याआधी चपलांचं सांगावं लागेल.

रेश्मा अन् शुभम नववीत होते त्याच वर्षी. बाईंनी ठरवलं की पोरांना एकाच शनिवारी मंदिर, विहार अन् मशीद दाखवायची. तिन्ही आमच्या चालण्याच्या अंतरात. सगळ्या पालकांची परवानगी मिळाली. माझी कोणी मागितली नव्हती, तरी मी गेले.

सुरुवात मारुतीच्या मंदिरापासून. चपला बाहेर काढल्या. चोरी होते म्हणून पुजारी महाराजांनी सगळ्या आतल्या आवारात ठेवून घेतल्या. दर्शन झालं, माहिती झाली. निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या दोन्ही ठिकाणी काढायच्याच आहेत. कशाला घालता? येताना घेऊ." गोष्ट पटण्यासारखी होती. आम्ही सगळे अनवाणी निघालो.

विहारात भन्तेजींनी पोरांना लाडू दिले. मशिदीत मौलानांनी इतकं छान समजावलं की पोरं उठायला तयार नव्हती. परत येतो तर मारुतीच्या आवाराला हे मोठं कुलूप! बाजूच्या पानवाल्यानं सांगितलं, "महाराज लग्न लावायले बाळापूरले गेले. संध्याकाळशिवाय येत नाहीत."

फेब्रुवारी संपत आला होता, पण आमच्या अकोल्यात ऊन कॅलेंडर पाहून येत नाही. डांबर तापलेलं. अख्खी नववी 'अ' सावली शोधत, उड्या मारत, "आई गं, आई गं" करत शाळेकडं निघाली. सगळ्यांत पुढं तायडे बाई, पदर डोक्यावर, पाय अनवाणी. सगळ्यांत मागं मी.

हेडसर गेटवरच उभे होते. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांचे पाय पाहिले.

"बाई," ते म्हणाले, "मी मूल्यशिक्षण म्हटलं होतं. संन्यास नाही!"

तेव्हा हसू आलं. पण सोमवारी त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं अन् स्पष्ट सांगितलं. दोन आठवड्यांनी तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत. शनिवारीच येतील, तुमचाच तास पाहतील. त्यांना आवडलं तर ठीक. नाहीतर जूनपासून तास भटकर सरांचा.

त्या संध्याकाळी बाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "वहिनी, इतिहास काय, कोणीही शिकवन. इतिहासात मी सांगतो अन् पोट्टे लिहून घेतात. हा एकच तास आहे जिथं मले माहीत नसलेलं पोट्टे विचारतात. हा गेला तर मी शाळेत कशाले जाऊ, सांगा?"

मी त्यांच्या हातात शेवंतीची टोपली दिली. दोघींनी मिळून हार ओवले.

*

तपासणीच्या आदल्या दिवशी हेडसर स्वतः वर्गावर आले. त्यांना बाईंवर भरवसा नव्हता. त्यांनी फळ्यावर उत्तरंच लिहून दिली. खरं का बोलावं? 'खरे बोलल्याने मन शुद्ध राहते व समाजात मान मिळतो.' पोरांनी सुरात पाठ केलं. ऐकून ऐकून माझंही पाठ झालं. भाकरी थापताना तोंडात तेच!

मग त्यांनी खास युक्ती सांगितली. "साहेबांनी प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचे. एकही हात खाली दिसता कामा नये. फक्त, ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, अन् येत नाही त्यानं डावा. मी उजव्या हातवाल्यांतलाच एक उठवतो. समजलं?"

"हो सर!"

रेश्मा उभी राहिली. "सर, डावा हात वर केला तर ते खोटं झालं का?"

"ते शिस्त झाली. बस खाली!"

बाई वर्गाच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. तास राहावा म्हणून माणूस काय काय गिळतो ते मी त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

शनिवार उजाडला. वर्गाच्या दाराला झेंडूचं तोरण मीच बांधून दिलं. साहेब आले. ठेंगणे, डोक्याला रुमाल बांधलेले, उन्हानं लाल झालेले. बाईंनी दहा-पंधरा मिनिटं शिकवलं, पण आवाज इतिहासाचाच लागला होता. रेडिओच्या बातम्या!

साहेब उठले अन् हसून म्हणाले, "मुलांनो, एक सोपा प्रश्न. खरं का बोलावं?"

सटासट हात वर. उजवे, डावे, सगळं शेत उभं राहिल्यासारखं. हेडसर खुश. ते शुभमकडं बोट करणार, तेवढ्यात साहेबांनीच विचारलं, "ती मुलगी. तिसऱ्या बाकावरची. तिनं हात का नाही वर केला?"

रेश्मा उभी राहिली. माझी सुई तिथंच थांबली.

"उत्तर येत नाही का बेटा?"

"येते सर."

"मग?"

"सर, ज्याले येते त्यानं उजवा हात करायचा, ज्याले येत नाही त्यानं डावा. मले उत्तर येते, पण ते पाठ केलेलं येते. त्याच्यासाठी कोणता हात, ते सांगितलंच नाही."

वर्गातले डावे हात एकेक करून खाली आले. मग काही उजवेही आले.

साहेबांचं हसू गेलं. "हा नियम कोणी ठरवला?"

रेश्मानं हेडसरांकडं पाहिलं. बाईंकडं पाहिलं. मग साहेबांकडं वळून बोलली. "सर, नाव सांगितलं तर बाईचा तास जाईन. नाही सांगितलं तर मी लपवलं असं होईन. अन् खोटं सांगून तास ठेवला, तर तो तास ठेवून काय करायचं? मंग सर, मी काय करू?"

साहेबांनी डोक्याचा रुमाल सोडला. घडी घातली. अन् हेडसरांकडं वळले. "सांगा सर. काय करावं हिनं?"

हेडसरांनी घसा साफ केला. पुन्हा एकदा साफ केला.

"बाई, तुम्ही?"

"मले नाही माहीत सर," तायडे बाई म्हणाल्या. रेडिओ बंद झाला होता, हा त्यांचा स्वतःचा आवाज होता. "मी पण विचार करून राहिली."

तेवढ्यात घंटी झाली. तास संपला. एकही पोरगं हाललं नाही.

साहेबांनी खुर्ची ओढली अन् बसले. "बसा सगळे. उत्तर कुठं मिळालं अजून?"

दारात भटकर सर उभे होते. एका हातात खडूचा डबा, दुसऱ्या हातात डस्टर. "सर," ते म्हणाले, "आता माझा तास..."

"हो हो, या नं," साहेब म्हणाले. "तुम्हीपण या. मागच्या बाकावर जागा आहे."